आकृती क्रमांक सतरा

सरोजिनीबाई ओगल्यांचं लर्निंग लायसन मंगळवारी संपत होतं, गाडी चालवण्याची परीक्षा सोमवारी सकाळी अकराला होती, आणि गुरुवारी संध्याकाळी कोथरूडच्या कोपऱ्यावर गाडीने मान टाकली. महिनाभर मागच्या चाकांच्या मधून घुंऽऽ असा आवाज येत होता. यज्ञेश्वर ओगले सरांनी 'जुन्या गाडीला आवाज असायचाच' म्हणून तो कानाआड केला होता. गुरुवारी आवाज थांबला आणि त्याच्याबरोबर गाडीही थांबली. सोसायटीतल्या चौघांनी ती ढकलत आणून आवारात, फाटकाकडे तोंड करून उभी केली.

बाईंची ही चौथी परीक्षा होती. मुलगी सुनीती मांजरीला नव्या वसाहतीत राहत होती. तिला आता पाचवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. कोथरूडहून मांजरीला दोन बसा बदलून अडीच तास लागत, तोवर तिच्यासाठी नेलेल्या डब्यातली आमटी पिशवीत उतरे. ओगले सर गाडी चालवत, पण नियमाने. दुपारी एक ते चार चालवायची नाही, रविवारी चालवायची नाही, आणि ज्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्या असतात त्या रस्त्याने तर मुळीच न्यायची नाही. मांजरीचा रस्ता या तिसऱ्या नियमात सापडला. म्हणून सुनीती तिकडे राहायला गेली तेव्हाच, चौपन्नाव्या वर्षी, बाईंनी स्वतः शिकायचं ठरवलं होतं. सरांनी होकार दिला होता, पण अटीवर.

"हे लायसन संपायच्या आत पास झालीस तर ठीक. नाहीतर गाडी विकायची. आणखी सहा महिने मी शेजारी जीव मुठीत धरून बसणार नाही."

गाडी लष्कराच्या लिलावातली होती. दिसायला जीपसारखी, पण जीप नव्हे. कंपनीच्या नावाची पट्टी लिलावाआधीच कोणीतरी काढून नेली होती. पुढे जायला तीन गिअर, मागे यायला एक, आणि गिअरचा दांडा खाली जमिनीतून वर आलेला. पहिला गिअर टाकायचा तर दांडा मागे ओढायचा आणि रिव्हर्स टाकायचा तर पुढे ढकलायचा. बाईंचं घोडं इथेच पेंड खात होतं.

"पुढे जायचं तर दांडा मागे, आणि मागे जायचं तर दांडा पुढे. ही कुठली रीत?" त्या विचारत.

"गाडीची रीत आहे. पाठ कर," सर म्हणत.

घरी पाठ होई. मैदानावर इन्स्पेक्टर बजरंग कुदळे समोर उभे राहिले, की पाठांतर उडून जाई आणि नुसती अक्कल उरे. कुदळे म्हणत, "मागे घ्या." अक्कल दांडा मागे ओढे आणि गाडी पुढे जाई. पहिल्या परीक्षेत पाण्याचा माठ गेला. दुसऱ्या परीक्षेत कुदळ्यांची खुर्ची गेली, सुदैवाने कुदळे उभे होते. तिसऱ्या खेपेस बाईंनी इतका विचार केला, की गाडी जागची हललीच नाही.

शुक्रवारी सकाळी भवानी पेठेतून जब्बार मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन आला. वय पन्नाशीला टेकलेलं, बोलणं कमी, आणि हातात असा गुण, की गाडीखाली सरपटत गेला की दुखणं स्वतः होऊन त्याच्यापाशी येतं असं लोक म्हणत. ओगले सरांशी त्याचं नातं जुनं होतं. सर तांत्रिक शाळेत यंत्रांच्या आकृत्या काढायला शिकवत आणि अठ्ठावन्न साली त्यांनी जब्बारला त्याच विषयात नापास केलं होतं. निकालाच्या दिवशी सगळ्या वर्गासमोर ते म्हणाले होते, "जब्बार, तुला डावं-उजवं कळत नाही. ऑक्टोबरला बस परत." जब्बार ऑक्टोबरला बसला नाही. तो मामाच्या गॅरेजात बसला, आणि पुढे गॅरेजच त्याचं झालं. पण सर समोर आले की तो अजूनही हात मागे बांधून उभा राही.

तासाभराने तो गाडीखालून बाहेर आला.

"सर, पिनियनचे बेअरिंग फुटलेत. दात पण गेलेत. क्राऊन-पिनियनची जोडी नवीन टाकावी लागंल."

"म्हणजे काय हो?" बाईंनी विचारलं.

"वहिनी, इंजिन फिरतं ते एका दांड्यानं मागं येतं. त्या दांड्याच्या टोकाला छोटं दातेरी चाक, ते पिनियन. त्याला आडवं भिडलेलं मोठं चाक, ते क्राऊन. क्राऊन फिरलं की गाडीची चाकं फिरतात. हे सगळं ॲक्सलच्या, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, मधल्या त्या डब्यात असतं."

"सोमवारी अकराच्या आत होईल का?"

"रविवार संध्याकाळपर्यंत देतो. जबान दिली."

त्याने डबा सोडवला. काढण्यापूर्वी त्याच्या वरच्या अंगाला खडूने एक ठसठशीत रेघ मारली. ही त्याची रीत होती. जे काढायचं त्यावर आधी रेघ मारायची, म्हणजे बसवताना वरची बाजू वर राहते. मग त्याने हात धुतले आणि जुम्म्याच्या नमाजाला गेला.

इथे ओगले सरांना राहवलं नाही. आपल्या आवारात एवढी वंगणाने बरबटलेली वस्तू उघडी पडलेली त्यांना पाहवेना. त्यांनी रॉकेल आणलं, जुना टूथब्रश आणला, आणि दीड तास बसून तो डबा आतून-बाहेरून असा लख्ख केला, की त्यात तोंड दिसावं. जब्बार परत आला आणि डब्याकडे बघतच राहिला.

"सर, इथं खडूची रेघ होती."

"होती ना. तीही निघाली," सर समाधानाने म्हणाले. "सगळ्यात चिवट तीच होती."

जब्बारने डबा एकदा इकडून आणि एकदा तिकडून फिरवून पाहिला. दहा भोकं गोल रांगेत सारख्या अंतरावर होती. सरळ बसवा, नाहीतर उलटा बसवा, दहाही बोल्ट तितक्याच खुशीने आत जाणार होते.

शनिवार मात्र छान गेला. जब्बारने नाना पेठेतून नवी जोडी आणि बेअरिंगं आणली. बेअरिंग घट्ट असतं, ठोकून बसवलं तर दुखावतं, म्हणून त्याने ते बाईंच्या जुन्या कढईत तेल तापवून त्यात सोडलं. गरम झाल्यावर ते फुगलं आणि पिनियनच्या दांड्यावर आपण होऊन सरकलं. मग दातांवर दात कुठे टेकतो ते बघायला त्याने शेंदूर मागितला. बाईंनी देवघरातून वाटीभर दिला. जब्बारने तो तेलात कालवून मोठ्या चाकाच्या दातांना लावला, चाक फिरवलं, उठलेला डाग पाहिला, आतली कागदासारखी पातळ चकती बदलली, पुन्हा फिरवलं. चौथ्या वेळी डाग बरोबर दाताच्या मधोमध उठला. नट आवळून त्याने पिनियन हाताने फिरवून पाहिलं. लोण्यात रवी फिरावी तसं ते फिरलं.

"बघा सर," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर आनंद दिसत होता.

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "ठीक आहे. पण आता अंदाजपंचे काही करायचं नाही. उद्या पुस्तकाप्रमाणे बसवायचं."

पुस्तक सरांना जुन्या बाजारात मिळालं होतं. ते याच गाडीचं होतं की तिच्या एखाद्या चुलत बहिणीचं, हे सांगणं कठीण होतं, कारण मुखपृष्ठ नव्हतं. आत आकृती क्रमांक सतरामध्ये ॲक्सल काढलेला होता आणि मोठं चाक चित्रात डावीकडे होतं. आकृतीखालची ओळ वाळवीने खाल्ली होती. हे चित्र गाडीच्या समोर उभं राहून पाहिलेलं की मागे उभं राहून, हे त्या ओळीत लिहिलेलं असणार. आता ते फक्त वाळवीला ठाऊक होतं.

रविवारी दुपारी जब्बार डबा छातीवर घेऊन गाडीखाली निजला. सर पुस्तक घेऊन गाडीच्या मागे उभे राहिले. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत शेजारी श्यामसुंदर दीक्षित चहा घेऊन येऊन बसले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना करमणुकीचं साधन कमीच होतं.

"सर, माझा हात म्हणतो, मोठं चाक उजव्या अंगाला पाहिजे. ड्रायव्हरच्या बाजूला," खालून आवाज आला.

"हात काय म्हणतो ते राहू दे. आकृती डावीकडे म्हणते."

"डावीकडं म्हणजे माझ्या की तुमच्या?"

"गाडीच्या. मी गाडीच्या मागे उभा आहे. गाडीचं तोंड तिकडे, माझंही तोंड तिकडे. तेव्हा माझं डावं तेच तिचं डावं."

"पण चित्र समोरून बघितलेलं असलं तर?"

"ॲक्सल मागचा आहे. मागची वस्तू माणूस मागूनच पाहतो."

"तुमचा मुद्दा बिनतोड आहे, ओगले," गॅलरीतून श्यामसुंदर म्हणाले. "मीही माझी पाठ मागूनच पाहतो."

सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मग जब्बार जरा घुटमळत म्हणाला, "सर, तीस वरसं झाली, मी हाच धंदा करतो."

"आणि आकृत्या मी तेहतीस वर्षं शिकवल्या. जब्बार, डाव्या-उजव्याच्या बाबतीत तू आणि मी बोलायलाच नको. अठ्ठावन्न साल आठवतंय ना?"

ते जब्बारला आठवत होतं. इतकं नीट आठवत होतं, की क्षणभर त्याला आपल्या हाताचाच भरवसा वाटेना. एवढ्या शिकलेल्या माणसाने पुस्तक उघडून सांगावं आणि आपण न शिकलेला हात पुढे करावा, हे बरं दिसतं का? त्याने डबा फिरवला, मोठं चाक डाव्या अंगाला आणलं, आणि दहा बोल्ट आवळले.

संध्याकाळी मागची चाकं जॅकवर उचलून गाडी चालू केली आणि गिअर टाकला. आता प्रश्न एकच होता, तो घुंऽऽ गेला की नाही. जब्बारने लांब पेचकसाचं एक टोक डब्याला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. सरांनी पुस्तक छातीशी धरून डोळे मिटले. बाईंनी देवाचं नाव घेऊन मिटले. श्यामसुंदरांनीसुद्धा गॅलरीत कानामागे हात धरून मिटले. चाकं एवढी शांत फिरत होती, की कबुतराचं घुमणं ऐकू येत होतं.

"आवाज नाही," सर म्हणाले.

"नाही," जब्बार म्हणाला.

चाकं कोणत्या दिशेला फिरत होती, ते चौघांपैकी एकानेही पाहिलं नाही.

सोमवारी नऊ वाजता सर स्वतः गाडीत बसले. बाईंचं मन आधीच थाऱ्यावर नव्हतं. निदान फाटकातून गाडी आपण बाहेर काढून द्यावी असा त्यांचा विचार होता. त्यांनी दांडा मागे ओढून पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी सावकाश मागे गेली. सरांनी ब्रेक दाबला. दांड्याकडे पाहिलं. दांडा पहिल्यातच होता. त्यांनी गिअर काढून पुन्हा पहिला टाकला. गाडी आणखी मागे गेली आणि श्यामसुंदरांची शेवंतीची कुंडी फुटली.

"ओगले," वरून आवाज आला, "फाटक पुढे आहे."

सर घामाघूम झाले. त्यांनी दुसरा टाकला. गाडी जरा जोरात मागे गेली आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. आता मागे जागा नव्हती आणि पुढे जाणारा गिअर सापडत नव्हता.

"उतरा," बाई म्हणाल्या. "मी बघते."

त्या बसल्या. पाठांतर केव्हाच उडालं होतं. पुढे जायचं, एवढं एकच डोक्यात होतं. त्यांनी दांडा पुढे ढकलला. गाडी भिंतीपासून सुटली आणि शहाण्या गायीसारखी फाटकापाशी जाऊन उभी राहिली. बाईंनी दांडा मागे ओढून पाहिला. गाडी मागे आली. पुन्हा पुढे ढकलला. पुढे गेली.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ही सुधारली."

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मोठं चाक भलत्या अंगाला बसलं, की त्याच इंजिनावर सगळे गिअर उलटे होतात, हे त्यांना कळायला पाव मिनिट लागलं. ते बोलून दाखवायला मात्र त्यांना जमलं नाही.

बाईंनी भवानी पेठेत फोन लावला. जब्बारने सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, सर काय म्हणतात?"

बाईंनी फोनवर हात ठेवून विचारलं. सर म्हणाले, "सांग, आकृतीप्रमाणेच बसवलेलं आहे."

"ते म्हणतात, आकृतीप्रमाणेच आहे."

"मग आता मी काय करू?" जब्बार म्हणाला. "सरांनी एकदा चुकलं म्हणावं, मी लगेच येतो. डबा फिरवायला तीन तास लागतील."

घड्याळात साडेनऊ झाले होते. बाईंनी फोन ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "काही फिरवायचं नाही. चला."

पुढे जाणारा गिअर एकच उरला होता, आणि तो मुळात रिव्हर्स असल्यामुळे त्याला घाई माहीत नव्हती. कर्वे रस्त्यावर एका हातगाडीवाल्याने मागून "ताई, साइड द्या" म्हटलं आणि तो पुढे निघून गेला. सायकलवरची माणसं वळून वळून बघत होती. सर डाव्या बाजूला पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते आणि दर चौकात आकृती सतरा उघडून बघत होते. मैदानावर पोचले तेव्हा अकराला पाच कमी होते.

कुदळ्यांनी बाईंना पाहिलं आणि आधी माठ उचलून झाडामागे ठेवला. मग खुर्ची उचलली. मग ते स्वतः ओट्यावर चढले.

"हं. पुढे घ्या. आठाचा आकडा काढा."

बाईंनी दांडा पुढे ढकलला. गाडी मुळातच सावकाश चालत असल्यामुळे आठाचा आकडा असा निघाला, की पाटीवर काढलेला वाटावा.

"आता मागे घ्या," कुदळे म्हणाले आणि त्यांनी ओट्यावरच एक पाऊल मागे टाकलं.

सुनीती, मांजरी, डबा, गाडीची विक्री, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. बाईंनी मान मागे वळवली आणि अकलेने दांडा मागे ओढला. गाडी सरळ रेषेत मागे आली, दोन खांबांच्या बरोबर मधून, आणि चुन्याच्या पट्टीवर उभी राहिली.

कुदळे खाली उतरले. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी आत डोकावलं.

"बाई, तुम्ही दांडा मागे ओढलात?"

"हो."

"आणि गाडी मागे आली?"

"मग पुढे जायला हवी होती का?"

कुदळे विचारात पडले. काहीतरी चुकतंय हे त्यांना दिसत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. वाहन पुढे नेता येते काय, होय. वाहन मागे नेता येते काय, होय. दांड्याबद्दल फॉर्ममध्ये अक्षर नव्हतं.

"पास," ते शेवटी म्हणाले, आणि बाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "आता बरोबर कोण आलंय? शिकाऊ माणसाबरोबर लायसनवाला लागतो. दाखवा तुमचं."

सरांनी रुबाबात पाकिटातून लायसन काढून दिलं. सर सोसायटीत येणाऱ्या गॅसवाल्याचंसुद्धा ओळखपत्र तपासत. कुदळ्यांनी लायसन उघडलं, तारीख पाहिली, आणि सरांकडे पाहिलं.

"हे चौऱ्याऐंशी साली संपलंय. आता एक्याण्णव चालू आहे."

"असं कसं होईल?"

"पाच वर्षांवर गेलं म्हणजे नुसतं नवं करून मिळत नाही. परत परीक्षा. आधी लर्निंग काढा, मग या." कुदळ्यांनी लायसन परत दिलं आणि बाईंकडे वळले. "गाडी आता घरी तुम्हीच न्यायची. यांना स्टिअरिंगला हात लावू देऊ नका."

त्यानंतर बाईंची मांजरी सुरू झाली. सकाळी आठला निघत आणि दहाला पोचत. बसपेक्षा तरीही अर्धा तास आधीच, आणि आमटी डब्यातच राही. उसाच्या बैलगाड्या त्यांना ओलांडून पुढे जात आणि गाडीवान आता ओळखीने हात करत. सुनीती पडल्या पडल्या खिडकीतून वाट बघे.

जब्बार दर रविवारी येऊन गाडीखाली डोकावून जाई. "वहिनी, असं फार दिवस चालवू नका, गिअरबॉक्स रडंल," तो बाईंना सांगे, आणि मग सरांकडे बघून नुसता उभा राही. सरांनी फक्त 'चुकलं' म्हणायचं होतं. सर पेपर उघडून बसत.

"आकृतीप्रमाणे बसवलेली वस्तू मी फिरवणार नाही," ते म्हणत.

लर्निंग लायसन काढून महिनाभर त्यांनी त्याच गाडीवर सराव केला. पुढे-मागे दोन्हीकडे लाल 'एल'ची पाटी लावली आणि शेजारी लायसनवाल्या म्हणून सरोजिनीबाई बसल्या. "दांडा पुढे ढकला," त्या सांगत. "पाठ करा." सरांनी दातओठ खात पाठ केलं. जूनच्या शेवटी तर ते फाटकातून न अडखळता बाहेर पडू लागले.

परीक्षेच्या दिवशी कुदळ्यांनी गाडी ओळखली. पण आज चालवायला एक गृहस्थ होते, तेही शिक्षक, त्यामुळे माठ त्यांनी जागेवरच ठेवला आणि स्वतः खुर्चीवर बसले. गाडीच्या मागच्या बाजूला, दहा पावलांवर.

"मास्तर," ते आदराने म्हणाले, "पहिला गिअर टाका आणि पुढे घ्या."

सर थबकले. नुसतं 'पुढे घ्या' म्हटलं असतं तर त्यांनी दांडा पुढे ढकलला असता. पण परीक्षकाने पहिला गिअर सांगितला होता. प्रश्नात जे विचारलं असेल तेच उत्तरात लिहायचं, हे त्यांनी तेहतीस वर्षं मुलांना बजावलं होतं. पहिला टाकला तर गाडी पुढे जाणार नाही. पुढे नेली तर तो पहिला असणार नाही. शेजारून बाई पुटपुटल्या, "अहो, ढकला." कुदळे मागून म्हणाले, "मास्तर, पहिला." सरांनी सूचना पाळली.

कुदळ्यांनी वेळेवर उडी मारली. खुर्ची वाचली नाही, आणि या खेपेस माठही वाचला नाही. कुदळे विजार झटकत उठले, फॉर्मवर काट मारली आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हाला अजून पुढचं-मागचं कळत नाही."

परतीच्या वाटेवर सरांनी पुस्तक एकदाही उघडलं नाही. घरी पोचले तेव्हा जब्बार आवारात हत्यारांच्या पेटीवर बसला होता. त्याला निकाल कोणी सांगितला नाही. बाईंनी गाडी चालवत आणली यातच तो त्याला कळला. तो उठला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

सर त्याच्यासमोर येऊन थांबले. काखेत पुस्तक होतं.

"जब्बार, ते चित्र समोरून पाहिलेलं आहे."

"जी सर."

"चुकलं माझं." ते जरा थांबले. "अठ्ठावन्न साली पेपरात तू जे काढलं होतंस, ते कुठून पाहून काढलं होतंस?"

"समोरून, सर."

सरांनी मान खाली घातली. गॅलरीतून श्यामसुंदर कप घेऊन आत गेले. जब्बारला हे पाहवेना. त्याने पेटीतून जॅक काढला, गाडीकडे दोन पावलं टाकली, आणि तिथेच थांबला. सरोजिनीबाई गाडीसमोर किल्ली मुठीत धरून उभ्या होत्या.

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "सुनीतीला सप्टेंबरातली तारीख दिली आहे. बाळ होईपर्यंत माझी गाडी अशीच राहील."

जब्बारने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा सरांकडे. मग जॅक शांतपणे पेटीत ठेवला आणि झाकण लावलं.

"सर," तो अगदी अदबीने म्हणाला, "ऑक्टोबरला बसा परत."